मधुमेह जडल्याचें कळलें म्हणजे शेतकऱ्यानें काय करावें ?

पिकावर कीड पडली म्हणजे शेतकरी ती लपवून ठेवीत नाहीं. बांधावर उभा राहून तो शेजाऱ्यास हांक मारतो, पान उलटून दाखवितो, काय फवारावें हें विचारतो, आणि सल्ला पटला कीं त्याच दिवशीं कामास लागतो. बैल बसला तरी गुरांच्या डॉक्टरांस बोलावण्यास तो विलंब लावीत नाहीं. परंतु स्वतःच्या देहांत रोग आहे असें तपासणींत निघालें, आणि विशेषतः तो रोग मधुमेह असला, तर हाच शेतकरी तपासणीचा कागद घडी करून पेटींत ठेवितो व कोणास कांहीं सांगत नाहीं. या मौनामुळें होणारी हानि मोठी आहे, आणि ती बहुतांशीं टाळतां येण्याजोगी आहे. म्हणून या अंकांत बीं-बियाणें व खतें यांचा विषय थोडा वेळ बाजूस ठेवून नांगर धरणाऱ्या माणसाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

आम्ही वैद्य नाहीं. आमचा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला. औषधाची मात्रा सांगणें हें आमचें काम नव्हे, तें डॉक्टरांचें. परंतु दप्तरांत बसून जें दिसलें तें सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे. जमिनीचें खरेदीखत झालें म्हणजे त्याचा फेरफार नोंदवावा लागतो. त्या नोंदींत विक्रीचें कारण लिहिण्यास रकाना नसतो. परंतु नोटिशीवर सही करण्यास आलेला मनुष्य कारण आपणहून सांगतो. मुलीचें लग्न, विहिरीचें कर्ज, भाऊबंदकीचा दावा हीं कारणें जुनीं आहेत. आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एक नवें कारण वारंवार कानांवर येऊं लागलें : पाय कापावा लागला, मूत्रपिंडें निकामी झालीं, आठवड्यांतून दोन-तीन वेळां रक्त शुद्ध करून घेण्यास शहरांत जावें लागतें. साखर केव्हांपासून आहे असें विचारलें, तर उत्तर बहुधा असें येई कीं, दहा वर्षांमागें एकदां तपासणींत निघाली होती, पण त्रास कांहीं नव्हता म्हणून पुढें पाहिलें नाहीं. ज्या रोगानें दहा वर्षें कांहीं त्रास दिला नाहीं, त्यानें अकराव्या वर्षीं दोन एकर बागाईत नेलें. हा लेख त्या मधल्या दहा वर्षांसाठीं आहे.

रोगाचें स्वरूप

आपण खातों त्या भाकरीची, भाताची व गुळाची पचनानंतर साखर होते. ही साखर रक्तांतून सर्व शरीरांत फिरते व स्नायूंत शिरून तेथें शक्ति उत्पन्न करते. तिला आंत शिरूं देण्याचें काम इन्सुलिन नांवाचा रस करतो, व हा रस जठराच्या मागें असलेल्या स्वादुपिंडांत तयार होतो. बागाइतदारास हें समजावण्यास फार शब्द नकोत. साखर म्हणजे पाटाचें पाणी, स्नायु म्हणजे वाफे, आणि इन्सुलिन म्हणजे दारें धरणारा गडी. मधुमेहांत पाट तुडुंब भरलेला असतो आणि वाफे मात्र कोरडे असतात.

मुलांत व तरुणांत पुष्कळदां दिसणाऱ्या एका प्रकारांत हा गडीच नाहींसा होतो. अशा रोग्यास इन्सुलिन बाहेरून टोंचूनच द्यावें लागतें. दुसरा इलाज नाहीं. मोठ्या माणसांत बहुधा आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारांत गडी असतो, परंतु दारांत गाळ बसल्यामुळें तीं लवकर उघडत नाहींत. गडी दुप्पट राबतो व कांहीं वर्षांनीं थकतो. पोटावरची चरबी, श्रमाचा अभाव, वाढतें वय व घराण्याचा वारसा हीं हा गाळ सांठण्याचीं मुख्य कारणें होत.

साखर फार वाढली म्हणजे लघवी वारंवार होते, तहान लागते, वजन उतरतें, थकवा येतो, नजर अंधुक होते, जखम लवकर भरत नाहीं. परंतु पुष्कळांस यांपैकीं कांहींच होत नाहीं, आणि खरा धोका येथेंच आहे. तुंबलेल्या पाटानें बांध आंतून हळूहळू खचतो, तशी वाढलेली साखर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें व पायांचे ज्ञानतंतु यांच्या बारीक रक्तवाहिन्या न दुखवितां खराब करीत जाते. हृदयाच्या व मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांसही ती सोडीत नाहीं. दुखूं लागेपर्यंत वाट पाहणें म्हणजे बांध फुटेपर्यंत वाट पाहणें होय.

हा रोग आपला नव्हे, असें समजूं नये

मधुमेह हा शहरांतल्या बैठ्या व लठ्ठ लोकांचा रोग आहे, अशी खेड्यांत समजूत आहे. ती आतां सोडून दिली पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें सर्व राज्यांत झालेल्या पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून वीस वर्षांवरील शंभर माणसांत ११ जणांहून अधिकांस मधुमेह आहे असें दिसून आलें. देशांतील एकंदर रोग्यांची संख्या १० कोटींवर धरली आहे. शहरांत शेंकडा १६ व खेड्यांत शेंकडा ९ च्या सुमारास हें प्रमाण पडतें. म्हणजे खेड्यांत प्रमाण कमी आहे, परंतु शंभरांत नऊ हा आंकडा कोणत्याही गांवच्या यादीस लहान म्हणतां येणार नाहीं. शिवाय साखर वाढीस लागली आहे, पण रोगाच्या मर्यादेपर्यंत गेलेली नाहीं, असे लोक देशांत आणखी १३ कोटींवर आहेत.

देहानें बारीक असणें हेंही अभयपत्र नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास आरंभिला. तेथील मुलें जन्मतः इंग्लंडांतील मुलांपेक्षां पुष्कळ हलकीं, सरासरीनें पावणेतीन किलोंच्या आंतबाहेर होतीं. परंतु त्यांच्यांत कमी भरला तो मांसाचा भाग, चरबीचा तितका नव्हे. वरून बारीक दिसणाऱ्या आपल्या देहांत चरबीचें प्रमाण अधिक असतें, व मधुमेह आपणांस कमी वजनांत व कमी वयांत गांठतो, तो कां, याचा उलगडा या कामानें पुष्कळ झाला. हीं खेडीं शेतकऱ्यांचींच होतीं, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

दुसरी गोष्ट कष्टांची. मोट गेली, मळणी यंत्रावर गेली, नांगरट ट्रॅक्टरवर गेली, व शेतावर जाणें दुचाकीवर आलें. या सुधारणांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु आजोबाचा आहार कायम राहून आजोबाचे श्रम मात्र गेले, याचा हिशोब देहाच्या खात्यावर निघाल्यावांचून राहात नाहीं. सुश्रुतसंहितेंत या रोगावर दूरवर चालणें व विहीर खणणें यांसारखे श्रम सांगितले आहेत. आमचे पूर्वज ते श्रम औषध म्हणून नव्हे, तर पोटासाठीं रोज करीत असत.

निदान कसें ठरतें

बोटाच्या टोंकावरून घेतलेल्या थेंबाची तपासणी ही केवळ चांचणी आहे. पक्कें निदान शिरेंतून घेतलेल्या रक्तावरून करावें. रात्रीं जेवून सकाळीं कांहीं न खातां दिलेल्या रक्तांत दर डेसिलिटरास १२६ मिलिग्रॅम वा अधिक साखर असली तर मधुमेह समजतात. ग्लुकोज पिऊन दोन तासांनीं ती २०० वा अधिक असली तरी तोच निर्णय होतो. तिसरी तपासणी मागील सुमारें तीन महिन्यांची सरासरी सांगणारी, 'एचबीए१सी' नांवाची, आहे, तींत ६.५ वा अधिक आंकडा आला म्हणजे मधुमेह ठरतो. लक्षणें कांहींच नसतील तर एकाच आंकड्यावर निर्णय करूं नये. तपासणी दुसऱ्यांदां करून घ्यावी. सकाळची साखर १०० ते १२५ मध्यें असली तर रोग झाला असें नव्हे, परंतु ती पूर्वसूचना होय.

ही पूर्वसूचना ज्यांस मिळाली त्यांनीं निराश होऊं नये. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनीं अशा ५३१ लोकांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस केवळ नेहमीचा उपदेश मिळाला त्यांपैकीं शेंकडा ५५ जणांस तीन वर्षांत मधुमेह जडला. ज्यांनीं आहार व चालणें यांचा नेम धरला त्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ वर आलें. शंभरांत सोळा माणसें केवळ नेमानें वांचलीं, ही थोडी गोष्ट नव्हे.

पहिला महिना

निदान कळल्यावर प्रथम भीति आवरावी. १९२१ सालापर्यंत या रोगाच्या पहिल्या प्रकारांत मूल दगावणें जवळजवळ ठरलेलें असे. त्या वर्षीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन वेगळें काढलें, व जानेवारी १९२२ मध्यें तें एका चौदा वर्षांच्या मुलास प्रथम टोंचण्यांत आलें. शोधकांनीं पुढें आपला हक्क तेथील विद्यापीठास नाममात्र एकेका डॉलरास दिला. आज तर गोळ्यांचे अनेक प्रकार आहेत. इंग्लंडांत सुमारें वीस वर्षें चाललेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाला, तो नव्या रोग्यानें भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. निदानापासूनच साखर चांगली आवरलेल्या लोकांत डोळे, मूत्रपिंडें इत्यादिकांचे उपद्रव इतरांपेक्षां शेंकडा २५ नीं कमी झाले. सरासरी आंकड्यांतला फरक म्हणाल तर ७.९ च्या ठिकाणीं ७ एवढाच होता. थोड्या सुधारणेचें फळ एवढें मोठें आहे, आणि तें आरंभापासून काळजी घेणारास मिळतें.

पहिल्या महिन्यांत डॉक्टरांकडून पुढील गोष्टी करून घ्याव्या : रक्तदाब मोजणें, लघवींतील प्रथिन व रक्तांतील क्रिएटिनिन पाहून मूत्रपिंडांची स्थिति समजून घेणें, रक्तांतील चरबी तपासणें, डोळ्यांत औषध घालून आंतल्या पडद्याची पाहणी, आणि पायांच्या संवेदनेची परीक्षा. दुसऱ्या प्रकारचा रोग कळतो त्या वेळीं तो पुष्कळदां कांहीं वर्षांचा जुना असतो, म्हणून ही तपासणी लगेच करावी व पुढें दरसाल करीत जावी. हे सर्व आंकडे तारखेसह एका वहींत लिहावे. जमाबंदीचें ज्यास कळतें त्यास वहीचें महत्त्व सांगावयास नको : मागल्या सालाचा आंकडा शेजारीं असल्यावांचून चालू सालाच्या आंकड्यास अर्थ येत नाहीं.

आहार

मधुमेहाच्या रोग्यानें वेगळें शिजवून खावें, असें कांहीं नाहीं. तो जें खाईल तें साऱ्या घरानें खाल्लें तर घराचें कल्याणच होईल. ताटाचा सोपा नियम असा : अर्धें ताट भाजी, कोशिंबीर व पालेभाजी यांचें, पाव ताट डाळ, उसळ, पिठलें, अंडें किंवा मासळी यांचें, आणि उरलेलें पाव ताट भाकरी, पोळी वा भात यांचें. आपल्याकडे याच्या उलट होतें. तीन भाकरी आणि तोंडीलावण्यापुरतें कालवण हें आपलें जेवण. भाकरी ज्वारीची असली म्हणून हवी तितकी खावी, हा भ्रम आहे. ज्वारी, बाजरी व नाचणी यांत कोंडा अधिक म्हणून तीं पांढऱ्या तांदुळापेक्षां व मैद्यापेक्षां बरीं. परंतु पिष्ट त्यांतही आहेच, आणि मोजमाप त्यांसही लागू आहे.

गुळाविषयीं स्वतंत्र सांगणें अवश्य आहे, कारण आम्ही ऊंस पिकविणारे लोक आहों. साखर वाईट पण गूळ चालतो, असें पुष्कळ घरांत म्हणतात. रसायनदृष्ट्या गूळ ही बहुतांशीं साखरच आहे. रक्तांत गेल्यावर दोहोंत भेद राहात नाहीं. मधाची गोष्टही तीच. दिवसांत पांच वेळां चहा व दर वेळीं दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे साखर होते. ती तोडली तर पहिल्याच महिन्यांत आंकड्यांत फरक दिसूं लागेल. फळ खावें, रस पिऊं नये. आंबा, केळें, चिकू, द्राक्षें हीं थोडीं, व जेवणावर नव्हे तर मधल्या वेळीं खावीं.

उपासाच्या दिवशीं घोटाळा अधिक होतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्याच्या जोडीस बटाटा व राजगिऱ्याचा गोड लाडू. अशा उपासानें साखर रोजच्यापेक्षां चढते. उलट, निराहार राहून नेहमीच्या गोळ्या घेतल्या तर ती एकाएकीं उतरते. ज्यास उपास सोडणें नको वाटतें त्यानें तो कसा करावा व त्या दिवशीं औषध किती घ्यावें, हें डॉक्टरांस आधीं विचारावें. एकादशी कधीं येणार हें पंचांगांत अगोदर कळतें, म्हणून विचारण्यास सवड नव्हती असें होत नाहीं.

श्रम व साखरेचें उतरणें

आठवड्यांतून एकंदर अडीच तास जोरानें चालावें, व सलग दोन दिवस चुकवूं नयेत, असा सर्वमान्य नियम आहे. शेतांतलें काम या हिशोबांत धरावें कीं नाहीं, असें विचारतात. खुरपणी, खांदणी, ऊंसतोड हे खरे श्रम आहेत, ते धरावे; परंतु बांधावर उभें राहून गड्यांवर देखरेख करणें धरूं नये. पेरणी-कापणीच्या हंगामांत अति श्रम आणि उन्हाळ्यांत अति विसांवा, असें आपलें वर्ष असतें. म्हणून हंगाम नसेल तेव्हां चालण्याचा नेम अधिक पाळावा.

हंगामांत मात्र एक धोका संभवतो. कांहीं गोळ्यांनीं, ग्लिमेपिराइड ही त्यांपैकीं एक, व इन्सुलिननें साखर वाजवीपेक्षां खालीं जाऊं शकते. औषध घेऊन जेवण लांबलें व कष्ट दुप्पट झाले म्हणजे हें घडतें. अंग थरथरतें, घाम फुटतो, भूक उसळते, छाती धडधडते, बोलणें बरळल्यासारखें होतें. रात्रीं मोटार चालू करून विहिरीजवळ वावरणाऱ्यास किंवा ट्रॅक्टर चालविणाऱ्यास असें झालें तर प्राणावर बेतेल. साखर ७० च्या खालीं गेली, किंवा यंत्र जवळ नसून हीं लक्षणें दिसलीं, तर लगेच तीन-चार चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यांत घालून घ्यावें, पंधरा मिनिटांनीं पुन्हा पाहावें, बरें न वाटल्यास तितकेंच पुन्हा घ्यावें, व नंतर जेवावें. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं ओतूं नये. तो श्वासनळींत जाऊन गुदमरेल. त्यास कुशीवर निजवून तात्काळ दवाखान्यांत न्यावें. अशा रोग्यानें शेतांत जातांना साखरेची पुडी खिशांत ठेवावी, व बरोबरच्या गड्यास ती कशासाठीं आहे हें सांगून ठेवावें. रोग लपविणारास हें सांगतां येत नाहीं, म्हणून लपविणें हेंच धोक्याचें.

औषध

साखर आटोक्यांत आली म्हणून गोळी बंद करणें, ही सर्वत्र आढळणारी चाल आहे. पाणी उतरलें तें बांध घातल्यामुळें. बांध काढला तर तें पुन्हा चढणारच. गोळी वाढविणें, कमी करणें वा थांबविणें हें डॉक्टरांनींच ठरवावें. इन्सुलिन सुरू झालें म्हणजे शेवट जवळ आला, किंवा त्याचें व्यसन लागतें, असें मानूं नये. थकलेल्या गड्याच्या मदतीस दुसरा गडी दिला, एवढाच त्याचा अर्थ. पाला, काढा, बिया यांचा अनुभव ज्यास घ्यावयाचा असेल त्यानें डॉक्टरांस सांगून व चालू औषध न सोडतां घ्यावा. "मधुमेह मुळापासून घालवितों" असें छापून जो विकतो, त्याच्या पुड्या घेऊं नयेत.

इन्सुलिन उन्हानें खराब होतें. न फोडलेली बाटली शीतपेटींत ठेवावी, पण बर्फाच्या खणांत नव्हे. गोठलेलें इन्सुलिन फेंकून द्यावें. चालू बाटली थंड जागीं सुमारें चार आठवडे टिकते. ज्यांच्या घरीं शीतपेटी नाहीं किंवा वीज वारंवार जाते, त्यांनीं एका मडक्यांत दुसरें लहान मडकें ठेवून मधल्या जागेंत ओली वाळू भरावी, व बाटली कोरड्या पिशवींत बांधून आंतल्या मडक्यांत, सावलींत ठेवावी. गाडीच्या डिकींत किंवा पत्र्याच्या खोपटांत ती कधींही ठेवूं नये.

पायांची निगा

शेतकऱ्यानें या लेखांतील दुसरें सर्व विसरलें तरी चालेल, पण एवढा भाग विसरूं नये. साखरेनें पायांचे ज्ञानतंतु बधिर होतात. प्रथम मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, आणि पुढें कांहींच कळेनासें होतें. बाभळीचा कांटा रुतला, तुरीचें धसकट लागलें, ऊंसाच्या बुडख्यानें टांच चिरली, तरी दुखत नाहीं. आणि दुखत नाहीं म्हणून मनुष्य तसाच चिखलांत उभा राहतो. त्यांतच रक्ताचा पुरवठा कमी असल्यामुळें जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि बोट किंवा पाय कापण्याची पाळी येते. हें संकट एका रात्रींत येत नाहीं. रोज पाहणारास तें पहिल्याच दिवशीं सांपडतें. नियम येणेंप्रमाणें आहेत :

१. रोज रात्रीं पाय धुवून, विशेषतः बोटांच्या बेचक्यांत, कोरडे करावे व दिव्याजवळ दोन्ही तळवे पाहावे. स्वतःस दिसत नसतील तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरांतल्या माणसाकडून पाहवून घ्यावे.

२. शेतांत, अंगणांत व घरांतही अनवाणी फिरूं नये. बूट वा चप्पल घालण्यापूर्वीं झटकून आंत हात फिरवावा. खडा, कांटा वा विंचू असेल तर कळेल. नवी चप्पल पहिल्या दिवशीं दिवसभर घालूं नये.

३. पाय गरम पाण्यांत बुडवूं नयेत, शेगडीजवळ शेकूं नयेत. पाण्याची ऊब पायानें नव्हे, कोपरानें पाहावी.

४. भोंवरी वा कुरूप पात्यानें कापूं नये, त्यावर जाळणारें औषध लावूं नये. नखें सरळ कापावीं.

५. भेगांस तेल वा मलम लावावें, पण बोटांच्या बेचक्यांत लावूं नये.

६. लालसरपणा, फोड, पू, दुर्गंधि किंवा काळा डाग दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां दवाखान्यांत जावें. हळद भरून आठवडा काढूं नये.

आषाढी वारीस जाणाऱ्या वारकऱ्यांपैकीं ज्यांस हा रोग आहे त्यांनीं दर मुक्कामीं पाय पाहावे, वापरांतली मऊ पादत्राणें व सुती मोजे घ्यावे, आणि औषधें, साखरेची पुडी व आपली वही जवळ ठेवावी. अनवाणी चालण्याचा नेम ज्यांचा असेल त्यांनीं तो सोडावा. ज्याच्या दर्शनास जावयाचें, तो विठोबा रुसणार नाहीं अशी आमची श्रद्धा आहे.

तंबाखू व विडी पायांच्या व हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसवितात. साखर व तंबाखू यांचा सहवास फार घातक आहे. मधुमेह्यास क्षयाचा संभव इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर बेडका तपासावा. हिरड्यांतून पू व रक्त येत असल्यास दांतांचा इलाज करावा, कारण तेथील विकार साखर चढवितो.

घरच्या माणसांचें काम

रोगी पुरुष असला तर त्याचें पथ्य घरांतली स्त्री सांभाळते. रोगी स्त्री असली तर तिचें पथ्य कोण सांभाळतो, हा प्रश्न प्रत्येकानें आपल्या घरीं विचारावा. सर्वांमागून जेवणारी, उरलेला शिळा भात संपविणारी, स्वतःच्या तपासणीचा दिवस कापणीसाठीं पुढें ढकलणारी गृहिणी हीच या रोगाची सर्वांत दुर्लक्षित रोगी आहे. गरोदरपणीं जिला साखर निघाली होती तिनें बाळंतपणानंतरही ठराविक मुदतीनें तपासणी करावी, कारण तिला पुढें मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो. इन्सुलिनवरील मुलीचा रोग लग्नाच्या भीतीनें लपवूं नये. एक दिवस इन्सुलिन चुकविणें देखील अशा मुलीच्या जिवावर बेतूं शकतें. घरच्या माणसांनीं रोग्यास सारखें टोंचून बोलूं नये. "आतां गोड खाऊं नका" असें दहा वेळां म्हणण्यापेक्षां घरांत गोड कमी करणें हा उपाय अधिक सोपा व अधिक सभ्य आहे.

मंडळानें काय करावें

सरकारनें आपलें काम आरंभिलें आहे. मधुमेह, रक्तदाब इत्यादि रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० सालीं सुरू झाला. तीस वर्षांवरील माणसांची तपासणी गांवच्या आरोग्य उपकेंद्रांत होते. या केंद्रांस २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असें नांव आहे. आशा सेविका घरोघर जाऊन नमुना भरून घेते, व सरकारी केंद्रांत या रोगाच्या नेहमीच्या गोळ्या विनामूल्य देण्याची तरतूद आहे. परंतु डॉक्टरांपुढें रांग लांब व वेळ थोडा असतो. गोळीचें नांव लिहून देण्यापलीकडे, ती कां घ्यावी व पाय कसे पाहावे हें शिकविण्यास सवड कोठून आणावी ?

इंग्लंडांत नव्यानें निदान झालेल्या लोकांस एकत्र बसवून सहा तासांचें शिक्षण देण्याचा प्रयोग करण्यांत आला. ८२४ माणसांवरील त्याचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षअखेर साखरेच्या आंकड्यांत शिकलेल्या व न शिकलेल्या लोकांत लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं. दोघांचीही साखर औषधांनीं उतरली होती. परंतु शिकलेल्यांचें वजन अधिक उतरलें, त्यांत धूम्रपान न करणारे अधिक निघाले, आणि मनाची उदासीनता त्यांस कमी होती. यावरून दोन गोष्टी घ्याव्या. वर्ग हा औषधाच्या जागीं नव्हे. आणि वर्गानें जें मिळतें तें औषधानें मिळत नाहीं.

असा वर्ग आमच्या मंडळानें भरवावा, अशी आमची सूचना आहे. महिन्याच्या सभेस सभासद येतातच. सभेपूर्वीं दीड तास याप्रमाणें चार महिन्यांत चार पाठ पुरे होतील : पहिला रोगाचें स्वरूप व तपासणी, दुसरा ताट व उपास, तिसरा औषध व साखरेचें उतरणें, चवथा पाय. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस वा परिचारिकेस शिकविण्यास विनंति करावी. आशा सेविकेस मानानें बोलवावें. रोग्यानें घरांतल्या एका माणसास बरोबर आणावें, व स्त्रियांसाठीं त्यांच्या सोयीची वेळ धरावी. चवथ्या पाठास पाण्याची बादली, आरसा व पंचा ठेवून प्रत्येकाचे पाय तेथेंच पाहावे. खर्च म्हणाल तर एका सतरंजीचा व बिनसाखरेच्या चहाचा.

आम्ही या वर्गाची हजेरीवही ठेवण्याचें काम आपणांकडे घेतों. त्या वहींत रोग्याचें नांव त्याच्या संमतीवांचून लिहिलें जाणार नाहीं, व आंकडे कोणास दाखविले जाणार नाहींत. चिटणिसांकडे सूचना लेखी दिली आहे. ती पुढील सभेपुढें येईल तेव्हां सभासदांनीं पाठिंबा द्यावा. तोंवर ज्यांच्या पेटींत घडी केलेला कागद पडला आहे, त्यांनीं तो काढावा, त्यावरील तारीख पाहावी, आणि एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल तर या आठवड्यांतच उपाशीपोटीं उपकेंद्राची वाट धरावी.